सकाळी सव्वासहाला नेट गेलं तर?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहते. गेल्या वर्षी बीसीए झाले. माझे काका गावच्या दूध संस्थेचे सचिव आहेत. तीन संकलन केंद्रं, 640 उत्पादक. सगळा कारभार वहीत आणि थोडा एक्सेलमध्ये चालतो. दर दहा दिवसांनी बिलं काढायला काका दोन रात्री जागतात. मला संस्थेसाठी वेब ॲप्लिकेशन करायचंय. कॉलेजच्या प्रोजेक्टला पायथन आणि थोडं जँगो केलं होतं. पण पुण्यातल्या मैत्रिणी म्हणतात नोड, मोंगो, रिॲक्ट घे, नोकरीलाही तेच लागतं. आमचे सर म्हणतात पैशांचा हिशेब आहे, तर जावा आणि स्प्रिंगच. आतेभाऊ म्हणतो आधी डॉकर आणि कुबरनेटिस शिक, रेडिस लाव, नाहीतर पुढे लोड झेपणार नाही. संस्था महिन्याला दीड हजार रुपये खर्च करायला तयार आहे. दोन महिने नुसते व्हिडिओ बघतेय, एक ओळ लिहून झालेली नाही. काय निवडू?"

तुझ्या वयाची भाची आहे मला, म्हणून सरळ 'तू'च म्हणते.

उत्तर आधी सांगून टाकते, म्हणजे निदान आज रात्री तरी व्हिडिओ बघणार नाहीस. पोस्टग्रेसक्यूएल (डेटाबेस, पुढे नुसतं पोस्टग्रेस), पायथन, जँगो (पायथनमध्ये वेब ॲप्लिकेशन बांधायचा तयार सांगाडा) आणि साधं एचटीएमएल. मोंगो (वेगळ्या धाटणीचा डेटाबेस) या कामाला नको, रिॲक्ट (स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्टची लायब्ररी) सध्या नको, रेडिस (मेमरीतली झटपट साठवण) नको, कुबरनेटिसचं (अनेक सर्व्हर सांभाळायची यंत्रणा) तर नावच काढू नकोस. आता का ते सांगते. ते कळलं नाही तर पुढच्या रविवारी आतेभाऊ जेवायला आला की तू परत डळमळशील.

त्याच्या 'लोड'पासूनच सुरू करू, कारण ती भीती पाठकोऱ्या कागदावर मिटते. 640 उत्पादक, दिवसातून दोन वेळा दूध, म्हणजे वर्षाच्या 4,67,200 नोंदी. काही जण गाईचं आणि म्हशीचं वेगळं घालतात, म्हणून पाच लाख धर. एका नोंदीला शंभर-सव्वाशे बाइट लागले तरी दहा वर्षांचा सगळा पसारा इंडेक्ससकट (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या सूचीसकट) एक-दीड जीबीत बसतो. तुझ्या फोनमधल्या लग्नांच्या व्हिडिओंनी याहून जास्त जागा खाल्ली असेल. आता वेग बघ. एकाचं दूध मोजून, फॅट लावून, पावती हातात देईपर्यंत अर्धा मिनिट जातंच. तिन्ही केंद्रं ऐन गर्दीत असली तरी मिनिटाला सहा नोंदी, दहा सेकंदांना एक. साध्यातल्या साध्या मशीनवरचा पोस्टग्रेस सेकंदाला शेकडो नोंदी सहज लिहितो. रस्त्यावर एक बैलगाडी आहे आणि भाऊ टोलनाका बांधायला सांगतोय. संस्था दहापट वाढली तरी हे गणित बदलत नाही, आणि तालुक्यातल्या सगळ्या संस्था तुझ्याकडे आल्याच तर तेव्हा पैसेही आलेले असतील. मग बघ काय लावायचं ते.

मग निवडायचं कशावरून? माझा क्रम ठरलेला आहे: डेटाबेस आधी, बाकी सगळं नंतर. वीस-बावीस वर्षांत मी केलेल्या कामांमधली स्क्रीन एकही मूळ रूपात उरलेली नाही. एका ठिकाणचं पीएचपी जाऊन जावा आलं, दुसरीकडे जावा जाऊन पायथन. टेबलं मात्र तीच आहेत, रकान्यांची नावंसुद्धा मी घाईत ठेवलेली तीच, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. गोठ्याचे पत्रे दर पाच-सात वर्षांनी बदलतात. विहीर कुठे खोदली हे मात्र जन्मभर पुरतं.

तुझा डेटा कसा आहे ते बघ. उत्पादक, त्याचा कोड नंबर, केंद्र, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम. पलीकडे उचल, पेंडेची उधारी, त्यांची कपात. प्रत्येक गोष्ट दुसरीला धरून आहे. उत्पादकाशिवाय दूध नाही, दरपत्रकाशिवाय रक्कम नाही, बिलाशिवाय कपात नाही. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल (एकमेकांना धरून असलेली टेबलं) मांडलं ते नेमकं अशा डेटासाठी. मोंगोसारखा डॉक्युमेंट डेटाबेस तिथे शोभतो जिथे प्रत्येक नोंदीचा आकार वेगळा असतो आणि नोंदी एकमेकींत फारशा गुंतलेल्या नसतात. तुझ्याकडे पाच लाख नोंदी एकाच साच्यातल्या आहेत.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले आहे. 2014 च्या सुमाराला एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा डॉक्युमेंट डेटाबेसची हवा होती आणि मला ते वापरून बघायचं होतं. संस्थेची गरज वगैरे मी नंतर चिकटवली. कर्जाचा हप्ता बचत खात्यातून वळता करताना दोन लिखाणं व्हायची, एक बचतीत वजा आणि एक कर्जात जमा. मी वापरलेल्या डेटाबेसमध्ये ही दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही, असा गट) बांधायची सोय तेव्हा नव्हती. मला ते ठाऊक होतं, मी म्हटलं, मधे काय होणार आहे? एका संध्याकाळी वीज गेली. अकरा खात्यांत बचत वजा झालेली, कर्ज जसंच्या तसं. किर्द जुळेना. मी आणि तिथले लेखनिक दोन रात्री किर्द-खतावणी समोर घेऊन बसलो. ते एकदाच बोलले, "मॅडम, आमची वही कधी मधेच अर्धी लिहिली जात नव्हती." चूक पूर्णपणे माझी होती, हत्याराची नव्हे. मोंगोडीबीतही अनेक डॉक्युमेंट एकत्र बांधायची सोय 2018 मध्ये 4.0 आवृत्तीपासून आलेली आहे, त्यामुळे हे काम आता तिथे अशक्य नाही. पण रिलेशनल डेटाबेसमध्ये जे मुळातच मिळतं ते दुसरीकडे जोडून का घ्यायचं?

तुझ्याकडे हा प्रसंग दर दहा दिवसांनी येणार. 640 बिलं, प्रत्येकात दुधाची बेरीज, उचलीची कपात, पेंडेची कपात, बाकी. तीनशे बाराव्या बिलाला दिवे गेले तर काकांना सगळी बिलं सापडली पाहिजेत किंवा एकही नको. जँगोत ट्रान्झॅक्शनसाठी 'ॲटॉमिक' आहे, त्या एका शब्दात हे काम होतं. मागे डेटाबेस तसा हवा, एवढंच.

आता रिलेशनलमध्ये पोस्टग्रेसच का? मायएसक्यूएल वाईट नाही, माझी पहिली सहा-सात वर्षं त्याच्यावरच गेली. मायकेल विडेनियस यांनी ते मोठ्या मुलीच्या, 'माय'च्या नावानं ठेवलं. 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं मायएसक्यूएलची कंपनी विकत घेतली, 2010 मध्ये सनच ओरॅकलकडे गेली, आणि विडेनियस यांनी 2009 मध्येच वेगळी चूल मांडून धाकट्या मुलीच्या नावानं मारियाडीबी काढली. हा किस्सा गमतीसाठी नाही सांगत. एखादी वस्तू निवडताना तिचा मालक कोण, हेही बघायचं असतं. रेडिसनं 2024 च्या मार्चमध्ये परवान्याच्या अटी बदलल्या आणि वाल्की नावाची वेगळी शाखा निघाली. ज्यांनी रेडिस नुसतं हौसेनं लावलं होतं त्यांनाही बसून विचार करावा लागला. पोस्टग्रेसचा कुणी एक मालक नाही. बर्कलेच्या विद्यापीठात 1986 मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेलं काम, 1996 पासून आजच्या नावानं चालू, जगभरचे लोक मिळून सांभाळतात. दरवर्षी नवी मोठी आवृत्ती आणि प्रत्येकीला पाच वर्षं आधार. अशा कारभाराला मी 'कंटाळवाणा' म्हणते आणि ते कौतुक असतं.

दुसरं कारण रोजच्या कामातलं. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणंसुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. रात्री अकराला तू नवा रकाना वाढवायला गेलीस आणि मायग्रेशन (टेबलांत बदल करणारी स्क्रिप्ट) मधेच फसलं, तर सगळं मागे जातं. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक बदल लगेच पक्का होतो, त्यामुळे पाचपैकी तीन बदल झालेले आणि दोन राहिलेले अशा अवस्थेत तू अडकतेस. एकटीनं काम करणाऱ्या मुलीला हा फरक फार महाग पडतो.

आणि बंधनं. ती कोडमध्ये तर लिहीच, डेटाबेसमध्येही लिही. एकाच उत्पादकाची, एकाच तारखेची, एकाच वेळेची, एकाच प्रकारच्या दुधाची दुसरी नोंद होता कामा नये; केंद्रावरचा पोरगा एंटर दोनदा दाबणार हे गृहीत धर. (एकाच जनावराचं दूध दोन किटल्यांतून येत असेल तर हा नियम काकांना विचारून सैल कर.) फॅट किती ते किती असू शकतं त्याची हद्द घाल. 6.5 च्या जागी 65 टाइप झालं की डेटाबेसनंच हाकललं पाहिजे, नाहीतर एका म्हशीच्या नावावर लाखाचं बिल निघेल. रक्कम, लिटर, फॅट यांना फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) कधीही वापरू नकोस. पायथन उघड आणि 0.1 अधिक 0.2 करून बघ, 0.30000000000000004 येईल. पोस्टग्रेसचा न्यूमेरिक आणि पायथनचा डेसिमल वापर, आणि पैसे कुठल्या पायरीला राउंड करायचे हे काकांना विचार. ते प्रत्येक वेळच्या रकमेला करतात की दहा दिवसांच्या बेरजेला, यावर बिलात फरक पडतो आणि उत्पादक तो पकडतात.

दरपत्रकाबद्दलही एक. 3.5 फॅट, 8.5 एसएनएफचा दर आज एक, पुढच्या महिन्यात दुसरा. जुना दर पुसून नवा लिहू नकोस. 'कधीपासून लागू' हा रकाना ठेव, आणि लागलेला दर दुधाच्या प्रत्येक नोंदीतही उतरवून ठेव. डेटाबेसच्या पुस्तकात अशी दुहेरी साठवण टाळायला सांगतात. इथे टाळू नकोस. त्या दिवशी त्या दुधाला काय दर दिला ही घडून गेलेली गोष्ट आहे, पावतीवर छापलेली.

भाषेचं मी एका वाक्यात उरकणार होते, तुला पायथन येतं म्हणून पायथन. पण तुझ्या पत्रात नसलेले दोन प्रश्न आहेत आणि त्यांनी भाषाच काय, सगळी मांडणी ठरते.

पहिला. सकाळी सव्वासहाला, केंद्रावर तीस माणसं किटल्या घेऊन उभी असताना नेट गेलं तर काय? वेब ॲप्लिकेशन म्हटलं की सगळे एकच चित्र काढतात: दूर कुठेतरी सर्व्हर, इकडे ब्राउझर. ते चित्र पुण्याच्या ऑफिसात ठीक आहे. तुझ्याकडे पावसाळ्यात दोन दिवस नेट नसतं, आणि दूध काही थांबत नाही. दुसरा. फॅट मोजायचं मशीन आणि वजनकाटा आकडे देतात कसे? बहुतेकांना मागे सीरियल पोर्ट असतो. आज पोरगा मशीनवर बघून वहीत लिहितो. तू केलेल्या ॲपमध्ये तो मशीनवर बघून टाइप करणार असेल, तर चुका तेवढ्याच राहतील, फक्त अक्षर चांगलं येईल.

दोन्हींचं उत्तर एकच आहे. प्रत्येक केंद्रावर एक साधा, जुना चालेल असा पीसी ठेव, इन्व्हर्टरवर. त्यावर लिनक्स, पोस्टग्रेस आणि तुझं जँगो. केंद्रावरचा ब्राउझर त्याच पीसीशी बोलतो. नेट असो-नसो, पावती निघते. त्याच पीसीवर पायसीरियल ही लायब्ररी वापरून चाळीस-पन्नास ओळींचा पायथन प्रोग्राम मशीनचे आकडे वाचतो. म्हणून पायथन. स्प्रिंगनं हे झालं नसतं असं नाही. सरांचं म्हणणं खोटं नाही, जावात पैशांचा हिशेब उत्तम होतो, बँका त्यावर चालतात. तू तीन वर्षं जावात काढली असतीस तर मी तेच सांगितलं असतं. नोडचंही (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) तसंच. पण नवी भाषा, नवा डेटाबेस आणि नवं काम असं तिन्ही एकदम डोक्यावर घेऊ नये. एका वेळी एकच नवं. तुझ्यासाठी ते पोस्टग्रेस आहे.

केंद्रावरून मुख्य सर्व्हरला नोंदी कशा जाणार? इथे लोक रांगा, मेसेज ब्रोकर वगैरे काढतात. तुला एक रकाना पुरतो, 'पाठवली का'. प्रत्येक नोंदीला केंद्रावरच यूयूआयडी (दुसरीकडे कुठेही न येणारा ओळख क्रमांक) दे. दर पाच मिनिटांनी न पाठवलेल्या नोंदी वर पाठव. नेट मधेच तुटून तीच नोंद दुसऱ्यांदा पोचली तर मुख्य सर्व्हरनं ती गुपचूप सोडून द्यायची, पोस्टग्रेसमध्ये 9.5 पासून ही सोय आहे. दुधाच्या नोंदी फक्त केंद्राकडून वर जातील, दरपत्रक आणि सभासदांची यादी फक्त वरून खाली येईल. एकच गोष्ट दोन ठिकाणी कुणी बदलतच नाही, त्यामुळे भांडणही नाही. चुकलेली नोंद पुसायची नाही, दुरुस्तीची नवी नोंद घालायची, वहीत लाल शाईनं करतात तशी.

इथे तू विचारशील, केंद्रावर पोस्टग्रेस कशाला, जँगोसोबत एसक्यूलाइट आयतंच येतं. रिचर्ड हिप यांचं ते काम मला फार आवडतं, तुझ्या फोनमध्येही ते आहे. पण त्यात खरा दशांश प्रकार नाही, आणि नेहमीच्या टेबलात आकड्याच्या रकान्यात 'सहा' असा शब्द घातला तरी ते मुकाट्यानं ठेवून घेतं. खाली एक डेटाबेस आणि वर दुसरा ठेवलास तर प्रत्येक चूक दोन स्वभावांमध्ये शोधत बसावी लागेल. दोन्हीकडे पोस्टग्रेसच ठेव.

जँगो घेण्यामागे माझा स्वार्थी हेतू म्हणजे त्याचं ॲडमिन. कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ते जन्मलं, बातमीदारांना संध्याकाळपर्यंत पान हवं असायचं, त्यामुळे डेटा भरायची स्क्रीन फुकट मिळते. सभासद, दरपत्रक, पेंडेचा साठा हे सगळं पहिल्या आठवड्यात काकांना दाखवता येईल. लॉगिन, पासवर्ड, फॉर्मची सुरक्षा तयार असते. 5.2 ही दीर्घ आधाराची आवृत्ती घे, तिला एप्रिल 2028 पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतील. आणि पहिलं मायग्रेशन चालवण्याआधी स्वतःचं यूजर मॉडेल (वापरणाऱ्यांच्या खात्यांचं टेबल) करून ठेव, भले ते रिकामं असेना; नंतर बदलायला गेलीस तर माझी आठवण काढशील.

एक सापळा मात्र जँगोच्या पहिल्या दिवसापासून तुझी वाट बघत असतो. नव्या प्रोजेक्टमध्ये टाइम झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तुमचं केंद्र सव्वापाचला उघडतं असं धर. 11 तारखेला सव्वापाचला आलेलं दूध यूटीसीत 10 तारखेच्या रात्री पावणेबाराचं होतं. वेळेवरून तारीख काढलीस की ते दूध मागच्या दहा दिवसांच्या बिलात जाऊन पडेल, आणि साडेपाचनंतरचं नव्या बिलात. पहिल्या रांगेतल्या आठ-दहा म्हाताऱ्यांचाच हिशेब चुकेल, आणि तेच सगळ्यात जास्त भांडतील. सेटिंग भारताचं कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. दुधाची तारीख आणि 'सकाळ-संध्याकाळ' हे स्वतंत्र रकाने ठेव. नोंद कधी टाइप झाली ती वेळ वेगळी.

दुसरा सापळा मराठीचा आहे आणि तो कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही. 'कुऱ्हाडे' हे आडनाव संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना दोन वेगळी माणसं होतात. एक कीबोर्ड एक देतो, दुसरा दुसरं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारखी रूपं एक करायची पद्धत) लावलं तरी हे दोन एक होत नाहीत. नाव साठवायच्या आधी तूच एका रूपात आणायला हवं. 'ॲ'चीही तीच तऱ्हा. क्रमवारीही बघ. युनिकोडच्या अंकांप्रमाणे 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'च्या नंतर. काकांना यादीत कावरे, काशीद, मग काळे अशी सवय असेल. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन (क्रम लावायचे नियम) वापरता येतं. ही तीन नावं टाकून क्रम स्वतः तपास. आणि काकांची जुनी एक्सेल कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते आजच विचार. युनिकोडच्या आधीच्या काळातला फॉन्ट असेल तर 640 नावं रूपांतर करून एकेक डोळ्यांखालून घालावी लागतील. हे काम दोन रविवारांचं आहे.

रिॲक्टबद्दल मैत्रिणींशी भांडू नकोस. नोकरीसाठी ते शीक, चांगलं आहे. पण केंद्रावरच्या पोराचे हात ओले असतात, त्याला माउस नको असतो. कोड नंबर, एंटर, आकडे मशीनवरून आपोआप, एंटर, पावती. पुढच्या माणसाच्या कोडवर कर्सर आपणहून गेला पाहिजे. याला सर्व्हरवरून आलेलं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टच्या वीस ओळी पुरतात. जितकी पॅकेजेस कमी तितकी तुझी झोप शाबूत: 2016 च्या मार्चमध्ये लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि त्यावर उभे असलेले असंख्य प्रोजेक्ट एका दिवसात बांधले जाईनासे झाले.

बिलाची पीडीएफ काढायला लायब्ररी घेताना आधी 'क्ष', 'र्प' आणि पहिली वेलांटी छापून बघ. वीझीप्रिंटमध्ये जोडाक्षरं नीट येतात, कारण ते अक्षरं जुळवायला पँगो वापरतं. एसएमएस करणार असशील तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएससाठीची दूरसंचार कंपन्यांची नोंदवही) नोंदणी आणि मजकुराचा साचा मंजूर करून घेणं आधी लागतं. शिवाय इंग्रजी संदेशाचा एक भाग 160 अक्षरांचा, मराठीचा 70 चा, आणि त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जातात. 'दूध' म्हणजे तीन. मजकूर आटोपशीर ठेव. आधार नंबर साठवू नकोस, या कामाला तो लागत नाही.

मुख्य सर्व्हरला दोन जीबी मेमरीचं एक भाड्याचं मशीन खूप झालं, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), गनिकॉर्न (जँगो चालवणारा प्रोग्राम) आणि पोस्टग्रेस तिन्ही त्याच्यावर. दीड हजारात ते बसवून वर थोडे उरतील. ते पैसे दुसऱ्या कंपनीकडच्या बॅकअपच्या जागेवर घाल. रोज रात्री डेटाबेसचा पूर्ण डंप (सगळ्या डेटाची प्रत) तिकडे जाऊ दे. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डंप तुझ्या लॅपटॉपवर खरोखर उघडून, गेल्या बिलाची बेरीज जुळते का ते बघ. मी एकदा आठ महिने रोज बॅकअप घेत होते. गरज पडली तेव्हा कळलं की फाइल रोज शून्य बाइटची तयार होत होती. डिस्क भरलेली होती आणि स्क्रिप्टनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉकर (प्रोग्राम त्याच्या सगळ्या साहित्यासकट डबाबंद करायचं साधन) हवं तर नंतर कधीतरी. तीन केंद्रांवर एकसारखं इन्स्टॉल करताना कंटाळा आला की त्याचं महत्त्व तुझं तुलाच कळेल.

आता कोडला हात लावण्याआधी. दोन दिवस पहाटे केंद्रावर जाऊन बस, हातात वही घेऊन, लॅपटॉप नको. मग काकांकडून मागच्या एखाद्या दहा दिवसांची पूर्ण वही आणि निघालेली बिलं माग. शक्यतो दर मधेच बदलला होता असे दहा दिवस. त्या नोंदी टेबलात भर आणि फक्त एसक्यूएलनं, एकही स्क्रीन न करता, 640 बिलं काढ. पहिल्यांदा वीस-पंचवीस जुळणार नाहीत. त्यातली काही तुझी चूक असेल, काही काकांची, आणि काहींच्या मागे कुठेच न लिहिलेला एखादा नियम निघेल. तो नियम सांगताना काका "अगं, ते सगळ्यांना माहीतच असतं" म्हणतील, तेव्हा लिहून घे. पैशाला पैसा जुळला की मला कळव, मग स्क्रीनचं बोलू.